अप्पांच्या बशा

आमच्या दवाखान्यातल्या बर्फपेटीत दोन छोट्या बाटल्या कायम असायच्या. एकीवर चिठ्ठी डकवलेली, 'अप्पा'. दुसरीवर 'गंगाबाई'. नव्या माणसाला वाटायचं, नवराबायकोंनी आपापलं औषध थंड करायला ठेवलंय. एका परीनं ते खोटंही नव्हतं. त्या बाटल्यांत त्या दोघांच्या रक्ताचं पाणी होतं.

सोलापुरात गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी जी वस्ती होती, तिच्या कडेला आमचा बाळंतिणींचा दवाखाना होता. मी तिथं नर्स होते. अप्पा म्हणजे डॉक्टर चनबसप्पा, मूळचे दुधनीचे. बुटके, रुंद खांद्यांचे, कपाळावर भस्माच्या पट्ट्या, अंगात बंद गळ्याचा कोट आणि कोटाच्या खिशात भाजलेल्या शेंगा. मुंबईला शिकून आले होते, पण बोलणं दुधनीचंच राहिलं होतं. निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि रोग्याला धीर द्यायची वेळ आली की सगळंच कानडी. समोरच्याला ते कळो ना कळो, धीर मात्र येई.

मी साताऱ्याकडची. कानडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. कामावर रुजू झाले त्या सकाळी मी विचारलं, "डॉक्टर, पहिल्या बाईला आत घेऊ का?" ते खिडकीशी पाठमोरे उभे होते. मान न वळवता म्हणाले, "स्वल्प तडी."

मी ऐकलं 'ताडी'. आता मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. दिवस उगवला नाही तोच हा गृहस्थ ताडी मागतोय, तीसुद्धा 'स्वल्प', म्हणजे वर मोठेपणा आहेच. दुपारी गंगाबाई डबा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, की डॉक्टरांना हे पूर्वीपासूनच आहे का. गंगाबाई आधी गोंधळल्या. मग उलगडा झाल्यावर बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अवं अक्का, तडी म्हंजे थांब. जरा थांबा म्हणत्यात तुमाला." त्या दिवसापासून मी त्यांची अक्का झाले आणि अप्पांची थट्टा करायला आम्हा दोघींना एक शब्द मिळाला.

पण तो शब्द म्हणजेच अप्पा होते. इतका थांबणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि सांगायला हरकत नाही, सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा. मी चटपटीत कामाची. बाई कळा देतेय, नातेवाईक दारात ओरडताहेत, आणि डॉक्टर खिडकीच्या उजेडात चहाची बशी धरून ती हळूहळू हलवत उभे. अंगाई म्हणत पाळणा हलवावा, तसे.

ती बशी हेच त्यांचं खरं काम होतं. एकाचं रक्त दुसऱ्याला चढवणं तेव्हा नवं होतं, आमच्याकडे तर लोकांना ती करणीच वाटे. कुणाचंही रक्त कुणालाही चालत नाही. चुकीचं गेलं तर वाचायचा माणूस हातचा जातो. आता रक्त तर सगळ्यांचंच लाल, त्यातलं कुठलं कुठल्या प्रकारचं हे ओळखायचं कसं? तर अप्पांनी स्वतःचं आणि गंगाबाईंचं थोडं रक्त काढून ठेवलेलं. ते गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं. त्या पाण्यात परक्या प्रकारच्या रक्तपेशी ओळखणारं काहीतरी असतं. आजकाल त्याला प्रतिपिंडं म्हणतात. पांढऱ्या बशीत एका बाजूला अप्पांच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या बाजूला गंगाबाईंच्या. दोन्हींत रोग्याच्या रक्ताचा इवलासा थेंब कालवायचा आणि बशी हलवत राहायचं. रक्त परकं असेल तर लाल रवा पडल्यासारखे दाणे धरतात. परकं नसेल तर थेंब तसाच गुळगुळीत राहतो. कुठं दाणे धरले आणि कुठं नाही, यावरून चारांपैकी कुठला प्रकार ते ठरायचं. पण दाणे धरायला वेळ लागतो. घाई करणाऱ्याला बशी खोटं सांगते.

"बशी खोटं न्हाय सांगत, अक्का," अप्पा मला दुरुस्त करायचे. "बशी हळू बोलती. आपुन आधीच उठून जातो."

या हलवण्याची त्यांच्या हाताला इतकी सवय झाली होती की रिकाम्या हातानंही ते चाले. कीर्तनाला बसले, तळहात हलतोय. दवाखान्याच्या मंडळींच्या बैठकीत कुणी देणगीदार लांबलचक भाषण करतोय, अप्पांचा तळहात मांडीवर हलतोय. बहुधा त्या भाषणाला दाणे धरतात का ते बघत असावेत.

आणि या बशा यायच्या कुठून? गंगाबाईंच्या घरून. दवाखान्यात या तपासणीसाठी चिनी मातीच्या छोट्या फरश्या होत्या, पण अप्पांना त्यांच्यावर दाणे दिसत नसत म्हणे. गंगाबाईंच्या माहेराहून, अक्कलकोटहून, पांढऱ्या कपबशा आल्या होत्या. त्यातली एकेक बशी कोटाच्या मोठ्या खिशातून दवाखान्यात आली ती परत गेलीच नाही. त्यांच्या घरी गेलं की चहा कपात मिळायचा, खाली बशी नाही. फुंकून प्यायची सोय नाही. गंगाबाई कप पुढं करताना दर वेळी म्हणायच्या, "एक तरी बशी परत आणा की." अप्पा म्हणायचे, "आणतो." आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक न्यायचे.

त्या सव्वातीन हात उंचीच्या बाईत मात्र अप्पांपेक्षा जास्त अक्कल होती. याला पुरावा आहे. सुरुवातीला अप्पा दाणे धरले की म्हणायचे, "नासलं." दूध नासतं तसं, सरळ शब्द. एकदा दुधनीकडचे एक अडत व्यापारी बाळंतीण भावजयीला रक्त द्यायला आले. अप्पांनी बशी हलवली, बघितली आणि म्हणाले, "तुमचं नासलं." गृहस्थ पांढरे पडले. पागोटं उचललं आणि चालू लागले. आठवड्यात दुधनीभर झालं की त्यांचं रक्तच नासकं आहे. त्यांच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मुलाकडच्यांनी थांबवलं.

अप्पांना हे कळलं तेव्हा ते जेवत होते. ताटावरून तसेच उठले आणि हात धुतला. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून, बशी खिशात घालून दुधनीला गेले. मुलाच्या बापाला ओट्यावर बसवलं, चार लोकांसमक्ष त्याच्या बोटाला सुई लावली आणि त्याचाही थेंब गंगाबाईंच्या पाण्यात घातला. त्याचेही दाणे धरले. "आता बोला," अप्पा म्हणाले, "तुमचं बी नासलं." मग शांतपणे स्वतःच्या बोटाला सुई लावून स्वतःचा थेंब त्याच पाण्यात दाखवला. "आणि माझं बी. माझ्या बायकोच्या पाण्यात माझं रक्त रोज नासतंय. पण संसार चालला हाय न्हवं?" लोक हसले. लग्न झालं.

घरी आल्यावर गंगाबाईंनी त्यांना फैलावर घेतलं. "नासलं काय म्हणता? माणसाच्या रक्ताला कुणी नासलं म्हणतंय का? रुसलं म्हणा. रुसलेलं माणूस वाईट असतंय व्हय? जागा चुकली म्हणून रुसतंय." तेव्हापासून आमच्या दवाखान्यात रक्त नासलं नाही. ते रुसायचं, नाहीतर जुळायचं. पुढं पुढं लोक स्वतःच विचारू लागले, "डॉक्टर, माजं कुणाशी रुसतंय?" एक दोघे तर मुलामुलीची पत्रिका जुळल्यावर रक्तही जुळतंय का बघायला आले. अप्पांनी त्यांना शेंगा खायला घालून परत पाठवलं.

आमचे पहारेकरी इमामसाब. सगळ्या जगाशी त्यांचं भांडण, पण त्यांचं रक्त दोन्ही थेंबांत गुळगुळीत राहिलं. असं रक्त कुणालाही चालतं. अप्पांना कोण आनंद झाला. इमामसाब मात्र तक्रारीच्या सुरात म्हणाले, "मेरा खून सबकू चलता बोलतें डाक्टरसाब, फिर मैं कायकू किसीकू नै चलता?" माझी तपासणी केली तर माझं दोन्हीकडं रुसलं. गंगाबाई बशीत डोकावून म्हणाल्या, "बराबर हाय. अक्कांसारखंच हाय." मी त्यांच्याशी तासभर बोलले नाही, म्हणजे त्यांचं म्हणणं मीच खरं करून दाखवलं.

अप्पा-गंगाबाईंचं रक्त एकमेकांत रुसायचं, हीच त्या दोन बाटल्यांची गंमत होती. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "अप्पा, एवढं गावाचं जुळवता आणि तुमचंच जुळत नाही." ते म्हणाले, "आमचं जुळलं असतं तर दोन्ही बाटल्या एकच गोष्ट सांगत बसल्या असत्या. दवाखाना चालला असता का?" गंगाबाई हसल्या. पण त्या डबा घेऊन गेल्यावर अप्पा बशी पुसता पुसता म्हणाले, "एकच वाईट हाय बघा. तिला कधी लागलं, तर माझं चालायचं न्हाय. गावातल्या किती जणांना चालेल, घरातल्या माणसाला न्हाय." मी हत्यारं वाफवायच्या ऑटोक्लेव्हची आग बघायला गेले.

बाटली अर्धी झाली की आम्ही बिनदिक्कत म्हणायचो, "अप्पा आहेत भरपूर, गंगाबाई संपत आल्या." आणि गंगाबाई हात पुढं करून खुर्चीत बसायच्या. "संपल्या तर भरा की. हितंच हाय मी."

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर त्या वर्षी थंडी लांबली. गंगाबाईंना खोकला झाला, त्याचा ताप झाला, आणि फुप्फुसात उतरला. आज चार गोळ्यांत बरा होणारा आजार. तेव्हा त्याला औषध म्हणजे शेक, काढा आणि वाट बघणं. अप्पांना वाट बघता येत होती. या वेळी त्याचा उपयोग झाला नाही. रक्ताचा तर प्रश्नच आला नाही. इतकी वर्षं ज्या गोष्टीचं त्यांनी भय बाळगलं ती वेळ आलीच नाही, भलतीच आली. शेवटच्या दुपारी मी तिथं होते. गंगाबाईंचा हात अप्पांच्या हातात होता आणि अप्पांचा तळहात हळूहळू हलत होता.

सुतक संपल्यावर अप्पा कामावर आले. पहिल्याच दिवशी बर्फपेटी उघडून उभे राहिले. 'गंगाबाई' लिहिलेली बाटली तळाशी आली होती. 'संपत आल्या' हे दोन शब्द दवाखान्यात पुन्हा कुणीच उच्चारले नाहीत. अप्पांनी उरलेलं पाणी एका बारीक काचेच्या नळीत घेतलं, नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलं आणि नळी घरी नेली. घरी बर्फ नव्हता. गंगाबाईंनी पाणी गार करायला ओल्या वाळूत ठेवलेला माठ होता, त्यात दोरीला बांधून ती सोडून ठेवली. आमच्या कंपाउंडर कुलकर्ण्यांचं रक्त गंगाबाईंच्याच प्रकारचं निघालं. रक्त बघून भोवळ येणारा माणूस, पण भिंतीकडं तोंड करून त्यांनी हात पुढं केला. बर्फपेटीत 'कुलकर्णी' नावाची बाटली आली. काम चालू राहिलं.

अप्पा बोलत पूर्वीसारखेच. फक्त 'रुसलं' आणि 'स्वल्प तडी' म्हणत नसत. दाणे धरले की नुसतं म्हणायचे, "न्हाय." जुळलं की म्हणायचे, "हाय."

मग उन्हाळा आला. बर्फाच्या कारखान्यात काहीतरी बिघडलं आणि आमचा भुशात गुंडाळलेला बर्फ येईना. त्यात दुपारी विणकरांच्या वस्तीतून एक बाई टांग्यात घालून आणली. घरी बाळंत झालेली, मूल ठीक, पण रक्त थांबत नव्हतं. अप्पांनी ते थांबवलं, तोवर बाई कागदासारखी झाली होती. रक्त द्यायलाच हवं होतं, लगेच. सोबत सासू आणि नवरा. नवरा तेलुगूत काहीतरी पुटपुटत भिंतीला टेकलेला. सासू मात्र ठणठणीत, चाळिशीची, आल्यापासून सुनेलाच बोल लावत होती. "आमी सांगितलं हिला, माग सोड, पडून ऱ्हा. ऐकलं न्हाय. आमचं कदीच ऐकत न्हाय."

इमामसाबांना बोलवायला सांगितलं. ते पुतणीच्या लग्नाला गावी गेलेले. अप्पांनी बर्फपेटी उघडली. त्यांची स्वतःची बाटली कालच भरलेली, ती स्वच्छ होती. कुलकर्ण्यांची गढूळ झाली होती, आणि कुलकर्णी हिवतापानं घरी पडलेले. गंगाबाईंच्या प्रकारचं दुसऱ्या कुणाचं रक्त शोधून, ते गोठून, वर पाणी सुटेपर्यंत बाई थांबणार नव्हती. एका थेंबावर निम्मंच कळतं. निम्म्या उत्तरावर रक्त चढवणं म्हणजे जुगार.

मी अप्पांकडं पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, आणि मी ते बोलणार नव्हते. माझ्या तोंडून ते यायला नको होतं. ते म्हणाले, "अक्का, तुमी इथं बसा," आणि टोपी न घालताच बाहेर पडले. घर जवळच होतं. परत आले तेव्हा शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजलेली होती आणि मुठीत ती नळी होती.

नळीचं तोंड त्यांनी पुसलं, पण लगेच मोडलं नाही. पुष्कळ दिवस झाले होते, उन्हाळा होता, माठाचं पाणी ते काय गार. त्या पाण्यातला जोर उतरला असेल तर? जोर गेलेलं पाणी कुणाशीच रुसत नाही, सगळ्यांनाच जुळलं म्हणतं, आणि त्यावर विसंबलं की माणूस मरतं. आणि नळी एकदा मोडली की ती परत बंद व्हायची नाही. हे सगळं ते मला सांगत नव्हते, मला ते ठाऊक होतं.

"तपासून बघावं लागंल," ते म्हणाले. नळी मोडली. खिडकीशी जाऊन एका बशीत त्यातला एक थेंब घेतला. मग स्वतःच्या बोटाला सुई लावली, आणि आपलं रक्त त्यात कालवलं.

बशी हलू लागली. सासू म्हणाली, "काय झालं? काय करताय तुमी?" अप्पा म्हणाले, "स्वल्प तडी." त्या महिन्यांत ते शब्द मी प्रथमच ऐकले. कानडीत तडी म्हणजे थांब आणि मराठीत एखादी गोष्ट तडीस नेतात, म्हणजे पैलतीराला. मी त्या बशीकडं बघत मनात दोन्ही अर्थांनी तो शब्द म्हणत होते. थेंब गुळगुळीत होता. बराच वेळ गुळगुळीतच होता. मग कडेला बारीक रवा दिसला. मग सगळा थेंब दाण्यांनी भरून गेला.

अप्पांनी बशी डोळ्यांजवळ नेली. मला वाटलं, ते म्हणतील, हाय. ते म्हणाले, "अजून रुसतीय माझ्यावर."

आणि हसले. तोंड खिडकीकडं होतं, पण खांद्यांवरून कळलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. ती बशी बाजूला ठेवून अप्पांनी दुसरी घेतली. सुनेचं रक्त अप्पांच्या थेंबात रुसलं, गंगाबाईंच्या थेंबात गुळगुळीत राहिलं. म्हणजे गंगाबाईंच्याच प्रकारचं. नवऱ्याचं बघितलं, जुळलं नाही. मग सासूचा थेंब घेतला. अप्पांनी बशी हलवली, थांबले, पुन्हा हलवली.

"जुळलं की," ते सासूला म्हणाले. "तुमचं आणि सुनेचं जुळलं."

सासूनं सुनेकडं एकदा बघितलं. मग पदर खोचून खाटेवर आडवी झाली आणि हात पुढं केला. "घरात न्हाय, तर हितं तरी जुळू दे," ती म्हणाली. संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत सुनेच्या ओठांवर रंग आला. सासू उशाशी बसून तिला तेलुगूत रागावत होती, पण आवाज वेगळा होता.

मी बशा धुवायला गोळा करू लागले. नळीत काही उरलं नव्हतं. खिडकीतल्या पहिल्या बशीकडं हात नेला तर मागून अप्पा म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे, अक्का. स्वल्प तडी." मी बाकीच्या घेऊन गेले.

पुढच्या वर्षी माझी बदली मिरजेला झाली. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला अप्पांच्या घरी गेले. त्यांनी स्वतः चहा टाकला. दवाखान्याच्या गोष्टी झाल्या. इमामसाब कुणाकुणाशी भांडले, कुलकर्ण्यांना आता भोवळ येत नाही, आणि ती सासू नातवाला दाखवायला आली होती. मी उठून फडताळातून कप घ्यायला गेले. पांढरे कप रांगेनं मांडलेले, सगळे नुसतेच. शेवटचा मात्र बशीवर ठेवलेला होता.

मी त्यालाच हात घातला, काही लक्षात न येता.

"त्यो नको, अक्का," अप्पा चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाले. "त्यो तिचा हाय. दुसरा घ्या."